बाळाला व्हायरल जुलाब लागलेत: प्रोबायोटिक द्यायचं का, कोणतं, किती आणि कशाच्या नंतर

रात्री पावणेदहाला दुकानाचं शटर अर्धं खाली आलेलं असतं आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी बाईक लावून धावत येतं, हातातल्या मोबाइलमध्ये व्हॉट्सॲपवर आलेला चिठ्ठीचा फोटो असतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "ताई, बाळाला सकाळपासून जुलाब लागलेत, ती छोट्या नळीतली दवा द्या." चिठ्ठीवर बघावं तर चार गोष्टी असतात, ओआरएस, झिंक, तापाचं औषध आणि सगळ्यात खाली प्रोबायोटिक, म्हणजे चांगल्या जिवंत जंतूंची तीच नळी. मी ओआरएसची पाकिटं काढायला लागले की लगेच, "ते राहू द्या ताई, ते पीतच नाही तो, नळ्या मात्र सहा द्या." बारा वर्षं मेडिकल चालवतेय मी आणि हे ऐकून अजूनही पोटात गोळा येतो, कारण जी गोष्ट बाळाचा जीव वाचवते ती काउंटरवर राहते आणि जी फार तर थोडीफार मदत करेल ती पिशवीत जाते.

म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतेय. प्रोबायोटिकच्या विरोधात मी नाही, मी ती विकते, माझ्या मुलीलाही दिलीयेत. पण कधी, कोणतं, किती आणि कशाच्या नंतर हे कळल्याशिवाय देण्यात काही अर्थ नाही.

आधी हे जुलाब व्हायरलच आहेत ना ते बघा

व्हायरल जुलाबाची चाल बहुतेक वेळा सारखीच असते. आधी उलट्या सुरू होतात, सोबत थोडा ताप, मूल किरकिरं होतं, आणि मग काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी पाण्यासारखी पातळ शी, कधी पिवळट कधी हिरवट, पण रक्त नाही. उलट्या साधारण एक-दोन दिवसांत थांबतात, जुलाब तीन ते सात दिवस चालतात. आपल्याकडे डिसेंबर ते फेब्रुवारी या थंडीच्या दिवसांत रोटाव्हायरसचा जोर असतो, बाकी नोरोव्हायरस, ॲडिनोव्हायरस, ॲस्ट्रोव्हायरस हेही असतातच. नेमका कोणता व्हायरस हे शोधायची घरी गरज नसते कारण उपचार सगळ्यांचा एकच.

शीमध्ये रक्त किंवा शेंबडासारखी आव दिसली, पोटात जोरात कळा येत असतील, तर ते बहुधा बॅक्टेरियाचं प्रकरण असतं, तिथे हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा. आणि "दात येतायत म्हणून होतंय" हे घरात कोणीतरी म्हणणारच, तर दात येताना थोडी लाळ गळते, हिरड्या शिवशिवतात, पण दिवसाला आठ-दहा पाण्यासारखे जुलाब दातांमुळे होत नाहीत. दात यायचं वय आणि दिसेल ते तोंडात घालायचं वय एकच असतं, म्हणून तो घोळ होतो.

पहिलं काम पाणी, बाकी सगळं नंतर

व्हायरस लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर हल्ला करतो, तिथे अन्न-पाणी शोषून घेणारे बारीक केसांसारखे उंचवटे असतात ते झडतात, म्हणून पाणी आत शोषलंच जात नाही आणि सरळ बाहेर पडतं. पण साखर आणि मीठ एकत्र आतड्यात गेलं की दोघं मिळून पाणी ओढून आत नेतात, आणि हा रस्ता जुलाबातही बऱ्यापैकी चालू राहतो. ओआरएसचं सगळं गणित या एका गोष्टीवर उभं आहे. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइनच्या बाटल्या संपल्या तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी हेच मीठ-साखरेचं पाणी पिंपात कालवून लोकांना पाजलं आणि मृत्यूंचं प्रमाण खूप खाली आणलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. आज हीच गोष्ट आपल्याला काही रुपयांच्या पुडीत मिळते आणि आशाताई किंवा अंगणवाडीत तर फुकट मिळते.

पाकीट घेताना त्यावर डब्ल्यूएचओचा फॉर्म्युला लिहिलेला आहे का बघा. एक लिटरच्या पाकिटात ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. खोक्यात मिळणारी गोड फळाच्या चवीची तयार ड्रिंक्स घेऊ नका, त्यात साखर इतकी जास्त असते की उलट जुलाब वाढतात, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, असल्या ड्रिंक्सच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला बंदीच घातली आहे.

पाकीट एक लिटरचं आहे की २०० मिलीचं हे वाचा, मला भेटणाऱ्या दहातल्या चार जणांची चूक इथेच होते. मोठं पाकीट असेल तर पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली मापाला घ्या, उकळून गार केलेलं पाणी, पूर्ण पाकीट एकदम, अर्धं-अर्धं करून नाही. पेलाभर पाण्यात चमचाभर पावडर टाकून देऊ नका, ते घट्ट झालं तर बाळाच्या अंगात मीठ जास्त जातं आणि पातळ झालं तर उपयोग नाही. केलेलं पाणी २४ तासांत संपवायचं, उरलं तर ओतून द्यायचं.

किती द्यायचं? दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली, दोन वर्षांपुढच्याला १०० ते २०० मिली. आणि "पीतच नाही" याचं उत्तर चमच्यात आहे. माझी मुलगी चौदा महिन्यांची होती, डिसेंबर महिना, संध्याकाळपर्यंत नऊ वेळा शी आणि पेल्याने पाजलेलं सगळं उलटून बाहेर. मग मी वाटीत ओआरएस घेतलं, घड्याळ समोर ठेवलं आणि दर दोन मिनिटांनी एक छोटा चमचा, मध्ये उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि परत सुरू, पण आणखी सावकाश. एका तासात १५० मिलीच्या आसपास आत गेलं, थेंबथेंब. रात्री अकराला डायपर ओला लागला तेव्हा माझ्या जिवात जीव आला. ज्या मुलाला तहान लागलेली असते ते पेला ओढून घटाघटा प्यायला बघतं आणि सगळं बाहेर टाकतं, म्हणून पेला मुलाच्या हातात द्यायचाच नाही.

अंगावरचं दूध अजिबात थांबवायचं नाही, उलट जास्त वेळा पाजायचं. बाकी मुलांना पेज, मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, दहीभात, कुस्करलेलं केळं, जे नेहमी खातं ते थोडं थोडं. उपाशी ठेवून आतडं बरं होत नाही, त्याला नवं अस्तर बांधायला अन्न लागतं.

आणि झिंक. सहा महिन्यांपुढच्या मुलाला रोज २० मिग्रॅ, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिग्रॅ, १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की लोक बाटली कपाटात ठेवतात, तसं करू नका, पूर्ण १४ दिवस द्या, पुढच्या दोन-तीन महिन्यांत परत जुलाब व्हायचा धोका त्यामुळे कमी होतो. सिरप घेतलं असेल तर ५ मिलीत १० मिग्रॅ आहे की २० हे लेबलवर बघा, दोन्ही मिळतात. गोळी असेल तर चमचाभर पाण्यात किंवा काढलेल्या आईच्या दुधात ती विरघळते.

आता प्रोबायोटिक. खरंच उपयोग होतो का?

प्रोबायोटिक म्हणजे चांगले जिवंत जंतू, ते व्हायरसला मारत नाहीत हे आधी पक्कं लक्षात घ्या. कल्पना अशी आहे की ते आतड्यात जागा अडवतात, अस्तराला टेकू देतात, शरीराच्या प्रतिकाराला थोडं जागं करतात, आणि त्यामुळे जुलाब लवकर आटोपतात. सगळे अभ्यास एकत्र करून बघणाऱ्या कॉक्रेनच्या २०१० च्या आढाव्यात जुलाबाचा काळ साधारण एक दिवसाने कमी होतो असं आलं होतं, त्यावर सगळीकडे प्रोबायोटिकची लाटच आली. मग २०१८ मध्ये दोन मोठे आणि नीट केलेले अभ्यास एकाच वेळी छापून आले, एक अमेरिकेतला ९७१ मुलांवरचा, एक कॅनडातला ८८६ मुलांवरचा. अमेरिकेत एलजीजी नावाचा सगळ्यात नावाजलेला जंतू दिला होता, तर जुलाब थांबायला ज्यांना तो दिला त्यांना सुमारे ४९.७ तास लागले आणि ज्यांना जंतू नसलेली नुसती पावडर दिली त्यांना ५०.९ तास. म्हणजे जेमतेम एका तासाचा फरक. कॅनडात दोन जंतूंचं मिश्रण होतं, तिथेही काही फरक पडला नाही. २०२० मध्ये कॉक्रेनने परत आढावा घेतला, ८२ अभ्यास, आणि त्यातले चांगल्या प्रतीचे तेवढे वेगळे काढले तर फायदा जवळपास दिसेनासा झाला. अमेरिकेतली पोटविकार तज्ज्ञांची संस्था तेव्हापासून तिथल्या मुलांना हे देऊ नका म्हणते. युरोपातल्या बालपोटविकार तज्ज्ञांच्या संस्थेने २०२३ मध्ये काही ठरावीक जंतूंना हो म्हटलंय, पण "देता येईल" इतपतच, "द्याच" असं नाही.

म्हणजे दोन मोठ्या संस्था दोन बाजूंना. माझं मत विचाराल तर ओआरएस, झिंक आणि खाणं नीट चालू असेल, डॉक्टरांनी लिहून दिलं असेल आणि खिशाला जड नसेल तर द्या, पाच दिवस द्या. पण पैसे मोजकेच असतील तर पहिले ओआरएसला, दुसरे झिंकला आणि उरले तरच प्रोबायोटिकला. प्रोबायोटिक नाही दिलं म्हणून कुठल्याही आईने मनाला लावून घेऊ नये, मूल तसंही बरं होणारच असतं.

कोणतं घ्यायचं, लेबल कसं वाचायचं

दह्यातला जंतू, नळीतला जंतू आणि सॅशेमधला जंतू हे एकच नाहीत. आंबा म्हटलं की हापूसही आला आणि रायवळही आला, तसंच लॅक्टोबॅसिलस म्हटलं की त्यात शेकडो प्रकार, आणि एकाचा गुण दुसऱ्याला लागत नाही. म्हणून लेबलवर जंतूचं पूर्ण नाव आणि त्यापुढचा स्ट्रेनचा, म्हणजे नेमक्या उपप्रकाराचा, कोड हवा. नुसतं "प्रोबायोटिक, प्रीबायोटिक, सोबत व्हिटॅमिन" एवढंच असेल तर तो डबा तिथेच ठेवा.

युरोपच्या यादीत मुख्य तीन आहेत. एक, लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी, म्हणजेच एलजीजी, दिवसाला किमान १० बिलियन, म्हणजे १,००० कोटी जंतू, ५ ते ७ दिवस. आपल्याकडच्या बऱ्याच मिश्र सॅशेमध्ये ऱ्हॅम्नोसस असतो पण तो जीजी नसतो किंवा एक-दोन बिलियनच असतो, म्हणून आकडा वाचा. दोन, सॅकरोमायसेस बोलार्डी, हे बॅक्टेरिया नाही तर यीस्ट आहे, दिवसाला २५० ते ७५० मिग्रॅ, ५ ते ७ दिवस, आपल्याकडे इकोनॉर्म वगैरे नावांनी २५० मिग्रॅचे सॅशे मिळतात. हेन्री बोलार्ड नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाला हे यीस्ट १९२० च्या दशकात व्हिएतनामच्या बाजूला लिची आणि मँगोस्टीनच्या सालीत मिळालं, तिथले लोक कॉलऱ्यात ती साल चघळायचे म्हणून त्याचं लक्ष गेलं. तीन, लॅक्टोबॅसिलस रॉयटेराय डीएसएम १७९३८, हे थेंबांत येतं, १० ते ४० कोटी जंतू, ५ दिवस.

आणि ती सगळ्यांची लाडकी नळी? त्यात बॅसिलस क्लॉसी नावाच्या जंतूचे बीजाणू, म्हणजे कवचात झोपलेले जंतू, असतात, एंटरोजर्मिनाच्या नेहमीच्या ५ मिलीच्या नळीत २ बिलियन. चव नाही, वास नाही, फ्रीज लागत नाही, म्हणून देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही सोपी. पण व्हायरल जुलाबासाठी हिचा पुरावा वरच्या तिघांइतकाही नाही आणि युरोपच्या शिफारशीत ती नाही. लिहून दिलीच असेल तर घाबरायचं कारण नाही, फक्त तिच्यावर भिस्त ठेवू नका.

देण्याची पद्धत

जुलाब सुरू झाल्यावर जितक्या लवकर तितकं बरं, चौथ्या दिवशी सुरू करण्यात फारसा अर्थ नाही कारण तोवर व्हायरस स्वतःच निघायला लागलेला असतो. मात्र उलट्यांचा जोर असताना आधी ओआरएस पोटात टिकू द्या, मग प्रोबायोटिक, नाहीतर महागाची पुडी दुपट्यावर जाते.

सॅशे असेल तर साध्या गार किंवा कोमट पाण्यात, दुधात किंवा दह्यात मिसळा. गरम दुधात किंवा वाफाळत्या पेजेत घातलं की जंतू मरतात आणि मग ती नुसती पावडर उरते, ही चूक मी रोज ऐकते. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघा, गरम लागला तर थांबा. एका वेळी थोड्याच पाण्यात, दोन-तीन चमचे, म्हणजे सगळं एकदम संपतं, बाटलीभर दुधात घालून अर्धं दूध उरलं तर अर्धा डोस गेला. फोडलेलं सॅशे उद्यासाठी ठेवायचं नाही. ओआरएसच्या लिटरभर बाटलीत प्रोबायोटिक ओतून ठेवायचं नाही. नळी असेल तर आधी हलवा कारण बीजाणू तळाशी बसतात, मग वरचं टोक पिळून काढा, आणि ते तुटलेलं प्लास्टिकचं टोक लगेच कचऱ्यात टाका, लहान मूल ते गिळू शकतं. ती नळी इंजेक्शनसारखी दिसते पण फक्त तोंडाने द्यायची असते.

साठवण लेबलवर लिहिलेली असते, काही सॅशे फ्रीजमध्ये ठेवायचे असतात, काही नाही. मे महिन्यात बाइकच्या डिकीत दोन तास पडलेल्या पिशवीतल्या लॅक्टोबॅसिलसकडून फार अपेक्षा ठेवू नका.

अँटिबायोटिक चालू असेल तर लॅक्टोबॅसिलस आणि अँटिबायोटिक यांच्यात किमान दोन तासांचं अंतर ठेवा. बोलार्डी यीस्ट आहे त्यामुळे अँटिबायोटिकने मरत नाही, पण तोंडातल्या चट्ट्यांसाठी वगैरे बुरशीचं औषध चालू असेल तर मात्र तेच मरतं. तसं बघायला गेलं तर व्हायरल जुलाबात अँटिबायोटिकचं कामच नाही, म्हणून घरात उरलेली बाटली काढून देऊ नका. जुलाब बांधणारी मोठ्यांची गोळी, लोपेरामाइड, लहान मुलांना कधीच नाही. आणि जायफळ उगाळून चाटवायची पद्धत आपल्याकडे घराघरात आहे, आजीचा जीव तुटत असतो मला कळतं, पण जायफळाने मूल गुंगतं आणि मग ते सुस्त पाण्याअभावी झालंय की जायफळाने, हे डॉक्टरांनाही कळत नाही.

दही, ताक चालेल का हे पण रोज विचारतात. सहा महिन्यांपुढच्या मुलाला घरचं ताजं दही जरूर द्या, दुधापेक्षा ते पचायला सोपं जातं कारण त्यातली काही साखर जंतूंनी आधीच खाल्लेली असते आणि जुलाबात दुधातली साखर पचवणारं एन्झाइम कमी झालेलं असतं. पण घरच्या विरजणात कोणते जंतू किती हे मोजलेलं नसतं, त्यामुळे ते औषध नाही, खाणं आहे.

कोणाला प्रोबायोटिक द्यायचंच नाही

वेळेआधी जन्मलेलं बाळ, कॅन्सरचे उपचार चालू असलेलं किंवा प्रतिकारशक्ती खूप कमी असलेलं मूल, छातीतल्या मोठ्या शिरेत नळी टाकलेलं मूल, आयसीयूतलं मूल, यांना डॉक्टरांनी स्वतः सांगितल्याशिवाय अजिबात नाही, कारण हे जंतू जिवंत असतात आणि दुबळ्या शरीरात रक्तात उतरू शकतात. २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वेळेआधी जन्मलेल्या बाळांबद्दल अशी सूचनाही काढली होती. बोलार्डीची पावडर हवेत उडते, म्हणून शिरेत नळी असलेल्या पेशंटजवळ ते सॅशे फोडूही नये. दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी असलेल्या मुलासाठी लेबलवरचे बाकीचे घटकही वाचा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर काहीही सुरू करण्याआधी डॉक्टर.

दवाखाना गाठायचा कधी

मूल सुस्त पडलंय, उठवलं तरी डोळे नीट उघडत नाही. सहा-आठ तासांत शू झाली नाही. डोळे खोल गेलेत, रडताना अश्रू येत नाहीत, जीभ कोरडी, लहान बाळाची टाळू खाली बसलेली. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू खाली जाते. चमच्याने दिलेलंही सगळं उलटतं, उलटी गडद हिरवी आहे, शीत रक्त आहे, पोट फुगलंय, झटका आला. यातलं एक जरी दिसलं तरी रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा, आणि वाटेतही चमच्याने ओआरएस चालू ठेवा, फक्त सुस्त पडलेल्या मुलाच्या तोंडात ओतू नका, ठसका लागेल. उलटी थांबवायचं औषध द्यायचं का ते डॉक्टर ठरवतील. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर या खुणांची वाट बघायचीच नाही.

प्रोबायोटिक पाच ते सात दिवस झाले की बंद, बाटली किंवा पट्टी संपवायची म्हणून चालू ठेवायचं नाही. जुलाब १४ दिवसांच्या वर गेले तर दुसरं प्रोबायोटिक बदलून बघू नका, मुलाला तपासायला न्या.

घरात दुसरं मूल असेल तर डायपर बदलल्यावर साबणाने हात धुवा, नुसतं सॅनिटायझर नोरोव्हायरसवर नीट चालत नाही. आणि नुकतं बाळ झालं असेल तर ६, १० आणि १४ आठवड्यांना रोटाव्हायरसचे थेंब चुकवू नका, २०१६ पासून ते टप्प्याटप्प्याने सरकारी लसीकरणात आलेत आणि २०१९ पर्यंत देशभर पोचले, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. त्यानंतरही जुलाब होऊ शकतात पण सलाइन लावायची वेळ येणारा जोराचा प्रकार बराच कमी होतो.

बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचं द्या, वरणभातावर तुपाची धार थोडी सढळ हाताने. माझ्या मुलीचं त्या आठवड्यात अर्धा किलोच्या वर वजन उतरलं होतं, ते भरून यायला सतरा दिवस लागले, मी दुकानातल्या काट्यावर रोज बघत होते.